चिलापी साफ करण्याची पहिली यत्ता

पहिला धडा बाजारातच होतो. मासे विकणारी मावशी विचारते, "साफ करून देऊ का?" यावर मान ताठ ठेवून "नको, आम्ही करू" असं म्हणायचं. "द्या" म्हणालात तर पुढचं वाचायचं कारण उरत नाही.

उजनी धरणाकाठच्या डाळजला राहून कोळंबीचा नाद धरू नये. समुद्राची कोळंबी इथे बर्फात बसून येणार. डोकं मुरगाळलं, साल सोललं, पाठीतला काळा दोरा ओढला की संपलं. त्यात शिकायचं काय? उजनीचं पाणी उशाला असताना चिलापीच घ्यावी. मूळची आफ्रिकेची ही पाहुणी 1952 मध्ये भारतात आली. पुढे 1980 साली धरण पुरं झालं आणि भीमेच्या अडलेल्या पाण्यात ती अशी रमली की आता भिगवणच्या बाजारात तिचेच ढीग. काही चिलाप्यांच्या माद्या अंडी तोंडात धरून सांभाळतात. एवढी चिकाटी असल्यावर साफ होतानाही ती सहज ऐकेल, ही अपेक्षा सोडा.

मेली तरी पाठीवरचे काटे ताठच असतात. म्हणून आधी कात्रीने पर उडवा. मग शेपटीकडून डोक्याकडे सुरी उलटी ओढत खवले काढा. ते चहाच्या डब्यावर, कॅलेंडरवर, सासूबाईंच्या चष्म्यावर बसतात. मासा पाण्यात बुडवून खरवडला तर खवले उडत नाहीत, हे घरातलं जाणतं माणूस शेवटच्या माशाला सांगतं. आधी सांगितलं तर विद्येला किंमत राहत नाही.

आता पोट. चीर उथळ द्या. आत पित्ताची हिरवट पिशवी असते. ती फुटली तर जेवताना "मेथी जरा जास्त पडली" म्हणायचं. कल्ले उपटा. पोटाच्या आतला काळा पापुद्रा मात्र खरंच खरवडून काढा, त्यात थट्टा नाही. तो राहिला तर आलं-लसूण कितीही वाटा, वास जात नाही.

मीठ चोळून धुवा, दोन्ही अंगांना तिरक्या चिरा द्या, हळद-लिंबू लावून ठेवा. तेवढ्या वेळात हायवेवरचं मच्छीचं हॉटेल उघडं आहे का, ते फोन करून विचारा. आधी हात धुवा. बोटाला खवला चिकटलेला असला की मोबाईल मालकाला ओळखत नाही.