कुरकुरीत-लक्षण-विचार

कोणत्याही शास्त्राचा आरंभ लक्षणाने व्हावा, असा आपल्याकडे दंडक आहे. घरगुती फ्रेंच फ्राईजच्या बाबतीत तो आजवर कोणी पाळलेला नाही. त्यामुळे घरोघरी ‘कुरकुरीत झालेत का?’ यावर वाद होतो आणि वाद मिटेपर्यंत ताटलीतला विषय मऊ पडतो.

म्हणून प्रथम लक्षण. ‘चावताना वाजते ते कुरकुरीत’ असे म्हटले, तर अतिव्याप्ती होते. कच्चे गाजरही वाजते आणि चाळिशीनंतर काहींचा जबडाही. ‘तळलेले ते कुरकुरीत’ म्हणावे, तर भाजलेला पापड बाहेर राहतो आणि गार झालेली कांदाभजी आत शिरते, म्हणजे दोन दोष एका वाक्यात. आम्ही सुचवतो ते असे: जो दाताखाली एकदम मोडतो, मोडताना वाजतो आणि ज्याच्या पोटात पिठूळ गर असतो, तो फ्राय कुरकुरीत.

आवाजाला लक्षणात स्थान देण्यास आधार आहे. ऑक्सफर्डचे मासिमिलियानो झाम्पिनी आणि चार्ल्स स्पेन्स यांनी माणसांना मायक्रोफोनसमोर बटाट्याचे चिप्स चावायला लावले आणि ज्याच्या त्याच्या चावण्याचा आवाज त्याला हेडफोनमधून ऐकवला. आवाज, विशेषतः त्यातला तीक्ष्ण भाग, वाढवला की तसलाच चिप अधिक कुरकुरीत आणि ताजा वाटू लागे. २००४ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि २००८ साली त्याला इग नोबेल मिळाले. लोक त्याला हसले; आम्ही हसत नाही. टीव्ही मोठ्याने लावून फ्राईज खाऊ नयेत, हा उपसिद्धान्त त्यातून सरळ निघतो.

आता ‘आरोग्यदायी’ या विशेषणाकडे. पूर्वपक्ष म्हणतो, ‘आरोग्यदायी फ्रेंच फ्राईज’ हा वंध्यापुत्रासारखा शब्दप्रयोग आहे, त्यात असंभव दोष आहे. आकडे प्रथमदर्शनी त्याच्या बाजूचे. शंभर ग्रॅम कच्च्या बटाट्यात साधारण ७७ कॅलरी, तर हॉटेलातल्या तेवढ्याच फ्राईजमध्ये तीनशेच्या वर. पण यात बटाट्याचा दोष कोणता? तळताना पाणी गेले आणि तेल आले, एवढेच. शिवाय तेल कढईत असताना आत फारसे शिरत नाही, कारण वाफ जोराने बाहेर पडत असते. झारा वर आला, फ्राय निवू लागला, आतली वाफ आकसली की पृष्ठभागावर चिकटलेले तेल आत ओढले जाते. म्हणजे खरा गुन्हा कढईबाहेर घडतो. म्हणून बाहेर काढताक्षणी झारा जोरात झटकावा आणि फ्राईज कागदावर पसरावेत, गप्पा नंतर.

पुढचा मुद्दा भूमितीचा. एक सेंटिमीटर जाड आणि सात सेंटिमीटर लांब फ्रायचे पृष्ठफळ ३० चौरस सेंटिमीटर भरते. त्याचेच चार उभे तुकडे केले, तर बटाटा तेवढाच राहतो, पण पृष्ठफळ ५८ होते. तेल पृष्ठभागावरच चिकटते, तेव्हा नाजूक कापणारी गृहिणी कितीही कौतुकास पात्र असली तरी आरोग्याच्या दृष्टीने जाडाभरडा हात श्रेष्ठ.

बटाट्याच्या कुळाचा विचार थोडक्यात करू. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने खास फ्राईजसाठी ‘कुफ्री फ्रायसोना’ हा वाण काढला आहे. पण मंडईत जाऊन फ्रायसोना मागितला, तर भाजीवाला आपल्याकडे बघतो आणि ‘इंदोरी घ्या’ म्हणतो. अशा वेळी जलदिव्य करावे. एक भाग मीठ, अकरा भाग पाणी, त्यात बटाटा सोडावा. पिठूळ बटाटा बुडतो, पाणचट तरंगतो. या दिव्यात बुडणारा उमेदवार निर्दोष ठरतो. तो सापडला की फ्रिजमध्ये मात्र ठेवू नये. थंडीत स्टार्चची साखर होते आणि असा फ्राय आत शिजण्याआधीच बाहेरून काळवंडतो.

आता मूळ सिद्धान्ताकडे येतो, आणि तो परदेशी नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात उपवासाचे वेफर्स घालणाऱ्या आज्यांनी सारे शास्त्र गच्चीवर मांडून ठेवले आहे. काप पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायचे, म्हणजे वरचा सुटा स्टार्च जातो. पाण्यात तुरटी फिरवायची, म्हणजे पेशींना बांधून ठेवणारे पेक्टिन घट्ट होते आणि काप फुटत नाहीत. उकळत्या पाण्यातून काढायचे, मग कापडावर पसरायचे. धुणे, बांधणे, उकडणे, सुकवणे हा क्रम फ्राईजला जशाच्या तसा लागू पडतो. फक्त तुरटीच्या जागी लिटरभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालावे, तेही पेक्टिनला धरून ठेवते. आठ-दहा मिनिटे उकडून निथळावे आणि सुती कापडावर पंख्याखाली ठेवावे. या शेवटच्या पायरीला लोक हमखास फाटा देतात. ओला फ्राय भट्टीत गेला की निम्मा वेळ पाणी उडवण्यातच जातो, आणि तोवर तो फक्त वाफवला जात असतो. ‘अगं आजी, एवढं कशाला वाळवायचं?’ असे विचारणाऱ्या नातवंडांना आजी उत्तर देत नसे, चादरीचे दुसरे टोक हातात देई. ते पुरेसे भाष्य होते.

राहिला यंत्रवाद. एअर फ्रायर म्हणजे वर तापणारी तार, तिच्यापाशी पंखा आणि खाली जाळीची टोपली. थोडक्यात जोरकस वाऱ्याचा छोटा ओव्हन. त्यात काहीही तळले जात नाही, हे नावावरून फसलेल्यांना सांगावे लागते. अर्धा किलो बटाट्यांना एक मोठा चमचा तेल चोळावे. तेल मुळीच नको म्हणणारे कर्मठ चामड्याच्या वाद्या खातात. त्या चमच्याच्या कॅलरी साधारण १२० आणि त्या साऱ्या घराने वाटून घ्यायच्या. २०० अंशांवर वीसेक मिनिटे, मध्ये एकदा टोपली हलवावी, ढीग करू नये. मीठ शेवटी.

आणि सोनेरी झाले की थांबावे. २००२ साली स्वीडनच्या संशोधकांनी दाखवले, की अशा तापवलेल्या पदार्थांत अ‍ॅक्रिलमाइड असते; बटाट्यातले अ‍ॅस्परॅजिन आणि साखर १२० अंशांच्या वर एकत्र आले की ते तयार होते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते कर्करोगकारक ठरले आहे आणि रंग जितका गडद तितके ते जास्त. ‘अजून दोन मिनिटं ठेव’ म्हणणाऱ्या मंडळींची समजूत काढण्यास एवढे रसायनशास्त्र पुरावे.

येथवर वाचलेल्या साधकाने चमचाभर तेलात कुरकुरीत फ्राईज सिद्ध केले, असे गृहीत धरतो. मग तो फ्रिज उघडतो आणि मेयोनेजची बाटली काढतो. तिच्यात वजनाने निम्म्याहून बरेच जास्त तेल असते आणि तिच्या एका मोठ्या चमच्यात नव्वदेक कॅलरी. कढईवादी आणि यंत्रवादी यांच्या शास्त्रार्थात तिसरा पक्ष असा आयत्या वेळी पंगतीला येऊन बसतो, आणि त्याला पहिला फ्राय यजमानच बुडवून देतो.