मुहूर्त माईकवाल्याच्या हाती

पत्रिकेवर मुहूर्त दुपारी 12 वाजून 35 मिनिटांचा. नांदेड-लातूरकडे तो आता छापण्यापुरताच उरला आहे, आणि मला याचा मनापासून राग येतो.

नवरा-नवरी उभी, अंतरपाट धरलेला, पाहुण्यांच्या मुठीत अक्षदा घामाने भिजलेल्या. मंगलाष्टका सुरू होत नाहीत, कारण साहेब लोह्यापर्यंत आलेत. लोह्याहून नांदेडला यायला किती वेळ लागतो, हे मांडवातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तोवर माईकवाला नावं वाचतो. माजी सभापती, बाजार समितीचे संचालक, अमक्यांचे खंदे समर्थक. प्रत्येकजण कार्यसम्राट, प्रत्येकजण गोरगरिबांचा कैवारी. रात्रभर बुंदी पाडणाऱ्या आचाऱ्याचं किंवा पोरीच्या लग्नाला हातउसने देणाऱ्या मामाचं नाव काही येत नाही.

मे महिना, पारा बेचाळीसच्या वर. एक आजी शेवटी ओरडली, "आवो, पोरीला घेरी यायली, टाका की अक्षदा!" माईकवाल्याने तिला शांत राहण्याची विनंती केली. साहेब आले, आणि मग आशीर्वादाचे दोन शब्द सुरू झाले. त्यांत मतदारसंघातले रस्ते होते, विरोधक होते. नवरीचं नाव त्यांनी चिठ्ठीत बघून घेतलं.

दोष एकट्या साहेबांचा नाही. दाट तिथीला त्यांना एका दिवसात कितीतरी मांडव गाठावे लागतात, आणि नाही गेले तर लोक मनात धरतात. वधूपित्याला भावकीत दाखवायचं असतं की आपल्याकडे कोण आलं. त्या हौसेची किंमत उपाशी म्हातारी माणसं आणि रडवेली लेकरं मोजतात, याची मला चीड आहे. लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याच मुलखात आपण माणसांना तासन् तास उन्हात ताटकळत ठेवून पाण्याचे जार संपवतो.

सत्यशोधक समाजाने 25 डिसेंबर 1873 ला भटजीविना पहिलं लग्न लावलं. पुढे 1887 साली जोतीराव फुल्यांनी नव्या मंगलाष्टका छापल्या. त्यांत वधू आणि वर स्वतः बोलतात, एकमेकांना वचन देतात. आपल्या मांडवात ती दोघं सोडून सगळे बोलतात.

माझं मागणं एवढंच आहे. अक्षदा वेळेवर पडू द्या. नावं पहिली पंगत उठल्यावर वाचा, हवी तेवढी वाचा. साहेबांना उशीर झाला तर त्यांनाही दुसऱ्या पंगतीत मानाने बसवा, गरम वरण वाढा. पण माईक त्या वेळी बंद असू द्या.