रेंज नाही, म्हणजे नेमकं काय नाही?

धाराशिव जिल्ह्यात फोनला एकच रोग होतो, त्याचं नाव रेंज. आवाज तुटला, रेंज नाही. उशिरा आला, रेंज नाही. आपलंच बोलणं परत ऐकू आलं, तरी रेंजच नाही. उमरग्यापासून परंड्यापर्यंत ‘रेंज यिना झालीय’ हे निदान सर्वमान्य, आणि इलाजही ठरलेला: गच्चीवर जायचं आणि दुप्पट आवाजात बोलायचं. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकानं ‘बरं नाही’ एवढंच सांगावं आणि डॉक्टरनं प्रत्येकाला सलाइन लावावं, तसला हा प्रकार. टॉवर हवे आहेतच. पण आपल्याकडे टॉवरपेक्षा शब्दांची टंचाई जास्त आहे, असं माझं म्हणणं.

खरी रेंज म्हणजे टॉवर आणि फोन यांची नजरानजर. बालाघाटाच्या उतारावर, येडशीच्या रामलिंगाच्या दरीत डोंगर मध्ये येतो आणि पट्ट्या जातात. तिथं टॉवरला बोल लावावा. पण नवरात्रात तुळजापुरात पट्ट्या भरलेल्या असतात आणि फोन लागत नाही. देवीचं दार उघडं आहे, पण रांग हलत नाही, अशी ती अवस्था. तिला ‘कंजेशन’ म्हणतात. एकाच टॉवरच्या गळ्यात हजारो भाविक पडल्यावर तोही माणसासारखाच गुदमरतो. अशा वेळी फोन उंच धरण्यानं फक्त हात दुखतो.

यापुढचे शब्द कळायला कोजागरीला तुळजापूरला चालत जायची वाट उपयोगी पडते; पण आधी फोनची जुनी वाट. जुन्या ट्रंक कॉलमध्ये दोघांच्या बोलण्यासाठी आख्खी वाट राखून ठेवलेली असे. दोघंही गप्प बसले तरी ती दुसऱ्या कुणाला मिळत नसे. इंटरनेटवर तशी चैन नाही. तिथं आवाजाचे तुकडे होतात, साधारणपणे सेकंदाला पन्नास. प्रत्येक तुकडा पत्ता घेऊन गर्दीतून निघतो. त्याला ‘पॅकेट’ म्हणतात. अश्विनी पौर्णिमेला सोलापुराहून तुळजापूरला चालत निघालेली मंडळी आठवा. निघताना सगळी ओळीत, पोचताना कुणी तासभर आधी, कुणी पहाटे. हे मागंपुढं होणं म्हणजे ‘जिटर’. गावाबाहेर थोडं थांबून, सगळ्यांना पुन्हा ओळीत लावून आत शिरायचं, तो ‘बफर’. त्या थांब्यालाही मर्यादा असते; फार उशिरा आलेल्याला सोडूनच पुढं जातात. हरवलेले आणि मागं राहिलेले मिळून ‘पॅकेट लॉस’. ‘फोटो झटक्यात जातो, मग बोलणंच का तुटतं?’ या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे. फोटोचा हरवलेला तुकडा पुन्हा मागवता येतो. ‘हॅलो’मधला ‘लो’ चार सेकंदांनी आणून दिला, तर त्याचं काय लोणचं घालायचं?

‘लेटन्सी’ म्हणजे निव्वळ उशीर. एका बाजूचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत असावा, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. तो बराच ओलांडला की कळंबचे आजोबा आणि परदेशातला नातू एकदम बोलतात, एकदम थांबतात आणि ‘तुम्ही बोला’, ‘नाही, तुम्ही बोला’ यातच वेळ जातो. घराण्याचे संस्कार उत्तम असतात. दोष वाटेचा असतो.

यावर पहिला आक्षेप येतो की हे इंग्रजी शब्द खेड्यातल्या माणसानं कशाला शिकावेत? ‘बॅलन्स’, ‘व्हॅलिडिटी’, ‘रोमिंग’ हे शब्द त्याला कुणी शिकवले? ज्या शब्दानं पैसा कापला जातो तो शब्द आपण आठवड्यात शिकतो. ज्यानं आवाज कापला जातो तो शिकत नाही, एवढाच फरक. ‘मिसकॉल’ तर आपण असा आत्मसात केला, की मूळ इंग्रजीत जे चुकणं होतं, ते आपल्याकडे फुकटची तार झालं. मराठी प्रतिशब्द अवश्य करावेत. ‘दूरध्वनी’ झालाच की. पण तो सरकारी कागदावर जितका नांदला तितका ओट्यावर नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. एसटीडी हे ‘सबस्क्रायबर ट्रंक डायलिंग’, हे कुणाला माहीत होतं? ती सेवा देशात 1960 साली कानपूर-लखनौमध्ये सुरू झाली, पुढं गावोगावी एसटीडी बूथच्या पिवळ्या पाट्या लागल्या आणि लोकांचं काही अडलं नाही. खरं आहे, पण तेव्हा बूथवाला होता. कोड त्याला पाठ, लाइन खराब आहे की पलीकडं कुणी उचलत नाही हेही तोच सांगायचा. आता प्रत्येकजण स्वतःचाच बूथवाला आहे आणि त्याला धंद्याची भाषा येत नाही. ‘आम्ही कुठं इंटरनेटवरून बोलतो?’ असंही म्हणून चालणार नाही. फोर-जीवरचा साधा व्होल्टी कॉलसुद्धा पॅकेटांतूनच जातो. फरक इतकाच, की नेटवर्कमध्ये त्याला पासाची रांग असते आणि व्हॉट्सॲपचा कॉल धर्मदर्शनाच्या रांगेत उभा असतो.

शब्द कळले म्हणून टॉवर उभा राहणार नाही, हेही मान्य. पण तक्रार नेमकी होते. म्हणून पुढच्या वेळी आधी पट्ट्या बघा. नसतील तर जागा बदला. भरलेल्या असून फोन लागत नसेल तर थोडं थांबा. आवाज तुटत असेल तर घरातला चालू व्हिडिओ बंद करून बघा. आणि आपलाच आवाज परत येत असेल तर ओरडू नका; दोष बहुधा पलीकडच्या फोनचा असतो. त्यांना स्पीकर बंद करायला सांगा.