सावध असलेलं बरं

अण्णा तुमच्याही सोसायटीत आहेत. नाव वेगळं असेल, मजला वेगळा असेल. पण पहाटे ५ वाजून १० मिनिटांनी उशाशी फोन टुणकन वाजतो, तो त्यांचाच. युनेस्कोनं 'जन गण मन'ला जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवल्याबद्दल ते माझं दरवर्षी अभिनंदन करतात. युनेस्कोनं असं काही ठरवलेलं नाही, हे मीही त्यांना दरवर्षी सांगतो. खाली ठरलेलं शेपूट: 'खरं-खोटं देव जाणे, पण सावध असलेलं बरं.' राष्ट्रगीतापासून कुणी सावध राहायचं, ते विचारायचं राहूनच जातं.

२०१६च्या नोव्हेंबरात दोन हजारांची नवी नोट आली. तिच्यात चिप आहे, जमिनीत पुरली तरी उपग्रहाला दिसते, ही बातमी आमच्या जिन्यात अण्णांनीच आणली. त्यांच्याकडे तशी एकच नोट होती. ती त्यांनी पोळ्यांच्या फॉइलमध्ये गुंडाळून तूरडाळीच्या डब्यात ठेवली. वाण्याकडे गेल्यावर उलगडली. त्यानं सुटे नाहीत म्हणून परत केली, तर दुकानातच पुन्हा गुंडाळली. "खरं-खोटं देव जाणे..." पुढचं वाण्यानंच पूर्ण केलं.

मेसेजवर तिसरी, लाल टिक आली की सरकार वाचतंय, असंही त्यांचं म्हणणं. (ग्रुपमधलं तर कुणी वाचत नव्हतं.) एटीएममध्ये ते पिन दाबतात तो हातावर टोपी धरून. आणि हेच अण्णा मॉलमधल्या लकी ड्रॉच्या पेटीत नाव, पत्ता, मोबाइल, जन्मतारीख, लग्नाची तारीख सुवाच्य अक्षरात लिहून टाकतात. मग वाढदिवसाला अनोळखी दुकानांच्या शुभेच्छा आल्या की माझ्या दारात: "यांना कळलं कसं?" एकदा आधार कार्ड त्यांनी दोन्ही बाजूंनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. मी म्हटलं, डिलीट करा. त्यांनी केलं. 'डिलीट फॉर मी.'

२०१८ साली मुलं पळवणाऱ्या टोळीचा व्हिडिओ फिरत होता. तोही त्यांनी पाठवला, शेपटासकट. १ जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं मुलं पळवणारे समजून ठार मारलं. त्याच महिन्यात, देशभरातल्या अशा हत्यांनंतर, व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणायचं जाहीर केलं. एरवी अण्णांनी ग्रुप दणाणून सोडला असता. चार दिवस पहाटे फोन वाजला नाही.

मागच्या आठवड्यात गेटवर नंदीबैलवाला आला. वॉचमननं अडवलं, वरच्या गॅलऱ्यांतून दोन-तीन मोबाइल रोखले गेले. अण्णा लिफ्टसाठी न थांबता बनियनवरच खाली उतरले. त्याला चहा पाजला आणि बैलाच्या चालीनं मेन रोडपर्यंत त्याच्यासोबत गेले. परत आले तेव्हा मी जिन्यातच उभा होतो.

"सावध असलेलं बरं," एवढंच म्हणाले. खऱ्याखोट्याचा भार या वेळी त्यांनी देवावर टाकला नाही.

दुसऱ्या दिवशी ५ वाजून १० मिनिटांनी फोन वाजला. कारल्याच्या रसानं मोतीबिंदू विरघळतो म्हणे.