गळा आपला, रुमालही आपला

जबलपूरहून कटनीला निघालात की वाटेत स्लीमनाबाद लागतं. ठगांचा पिच्छा पुरवणाऱ्या स्लीमन साहेबाच्या नावाचं गाव. ठगांच्या बंदोबस्ताचं त्याचं खातं 1835 मध्ये आमच्या जबलपुरातूनच चालायचं. पुढच्या वर्षी साहेबाने ठगांच्या गुप्त बोलीचा कोशच छापला. त्यात एक शब्द आहे 'सोथा', म्हणजे वाटसरूशी गोड बोलून त्याला टोळीत ओढणारा इसम. वाटसरूच्या गळ्याला रुमाल आवळणारा वेगळा. सोथाने नुसतं मधाळ बोलायचं.

परवा हा सोथा मला भाच्याच्या मोबाइलवर भेटला. 'आदरणीय थोर संशोधक महोदय, आपल्या अमूल्य लेखाची आतुरतेने वाट पाहत आहोत.' भाचा वनस्पतिशास्त्रात पीएचडी करतोय. आतुर झालेलं जर्नल होतं व्यवस्थापनशास्त्राचं. आणि थोर संशोधकाचा अजून एकही लेख कुठे छापून आलेला नाही.

"मामा, सात दिवसांत तज्ज्ञांची तपासणी, आठव्या दिवशी लेख छापून. फी साडेतीन हजार."

पी हळद नि हो गोरी! बरं, नावात 'इंटरनॅशनल' आणि पत्ता एका फ्लॅटचा.

"पण आयएसएसएन नंबर आहे ना!"

अरे, नंबरप्लेट ट्रकलाही असते. ड्रायव्हरला गाडी येते की नाही, ते प्लेटवर लिहिलेलं नसतं. जर्नलचं वजन सांगणाऱ्या इम्पॅक्ट फॅक्टरचंही तेच: तो कोणी काढला ते आधी विचारावं, कारण हल्ली तोही विकत मिळतो. त्यापेक्षा त्या जर्नलचे जुने पाच लेख वाच म्हटलं. संपादक मंडळातल्या दोघांना मेल टाक. एकाचं उत्तर संध्याकाळीच आलं: आपण या मंडळावर आहोत, ही बातमी त्यांना भाच्याकडूनच कळत होती.

संपादक होणं तरी कितीसं अवघड? पोलंडच्या काही संशोधकांनी एक बाई कागदावर तयार केली, आडनाव 'शुस्त'. पोलिश भाषेत 'ओशुस्त' म्हणजे भामटा. या बाईंनी 360 जर्नलांकडे संपादकपदासाठी अर्ज केला आणि 48 ठिकाणी त्यांची वर्णी लागली. 2017 साली 'नेचर'मध्ये हा सगळा किस्सा छापून आला.

मग आपल्या सरकारने काय केलं? मान्य जर्नलांची यादी केली. सरकारला यादी फार आवडते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांनी सुचवलेल्या 1,009 जर्नलांची पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी तपासणी केली, तर 88 टक्क्यांहून जास्त जर्नलं निकषांत नापास. मे 2018 मध्ये आयोगाने 4,305 नावांवर काट मारली. मग 'केअर' नावाची नवी, सोवळी यादी आली. तर भामट्यांनी तिच्यातल्या चांगल्या जर्नलांच्या हुबेहूब वेबसाइटी काढल्या! शेवटी फेब्रुवारी 2025 मध्ये आयोगाने तीही यादी बंद केल्याचं जाहीर केलं. आता म्हणे ज्याने त्याने आपलं पारखून घ्यावं. म्हणजे सराईचं दार उघडं टाकून चौकीदार घरी गेला, आणि जाताना सांगून गेला, जपून झोपा.

तरी माझा खरा राग सोथावर नाही. नर्मदेच्या वाटेवरच्या त्या बिचाऱ्या वाटसरूला सोबतचा माणूस ठग आहे हे ठाऊक नसायचं. आमच्या प्राध्यापकाला ठाऊक असतं. तो स्वतःच ठगाचा पत्ता शोधत येतो, मान पुढे करतो आणि पावती मागतो. पीएचडीसाठी लेख छापायची सक्ती आयोगाने 2022 मध्ये काढली खरी, पण नोकरी आणि बढतीच्या फॉर्मवर लेखांची संख्या विचारणारा रकाना जागच्या जागी आहे. भाच्याच्या सरांनी त्याला एका वाक्यात समजावलं, "बेटा, गिनते हैं, पढ़ते नहीं."

चोराच्या वाटा चोराला ठाऊक, हे स्लीमन ओळखून होता. त्याने पकडलेल्या ठगांनाच माफीचे साक्षीदार केलं, त्यांच्याकडून टोळ्यांची नावं काढली आणि मग त्यांना जबलपुरात तंबू नि सतरंज्या विणायला बसवलं. आमच्या विद्यापीठांतून असा एखादा साक्षीदार निघेल का, जो सांगेल की बायोडेटातल्या चाळीस लेखांपैकी हे एकतीस विकतचे? नाव गुप्त ठेवू. सतरंजीही विणायला लावणार नाही.