सहा सिलिंडर, एक मिस्त्री

भाच्याचा फोन आला. "मामा, सहा सिलिंडर फायनल करून राह्यलो." फोन स्पीकरवर होता. स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "सहाच? वर्षभर पुरतीन का?" तिचं काही चुकलं नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारनं अनुदानाचे सिलिंडर वर्षाला सहावर आणून ठेवले, तेव्हापासून आमच्या घरात 'सहा सिलिंडर' ही शिवी आहे. जानेवारी २०१३ मध्ये सहाचे नऊ झाले. २०१४ ची निवडणूक दारात येताच नऊचे बारा.

भाचा मोटारीबद्दल बोलत होता. जर्मन, काळी, डिझेल, तीन लिटर. वय वर्षं नऊ. दलाल नागपूरचा, गाडी मूळची दिल्लीची. किंमत म्हणे नव्या स्विफ्टएवढीच. स्वस्ताईचं कारण दलालानं सांगितलं नव्हतं, ते मी सांगितलं. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना हरित लवादानं २०१५ मध्ये मनाई केली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच म्हटलं. तेव्हापासून दहावा वाढदिवस जवळ आला की तिथला मालक गाडीच्या हातात एनओसी देतो आणि तिला बाहेर काढतो. माणसं म्हातारपणी काशीला जातात, दिल्लीची डिझेल गाडी विदर्भात येते.

"पन मामा, सहा सिलिंडर!"

सहाची मजा खोटी नाही, हे मान्य करतो. उखळात एकटी बाई कांडत असेल तर दोन ठोक्यांमध्ये पोकळी राहते. दोघी-तिघी आळीपाळीनं कांडू लागल्या की ठोका संपायच्या आत दुसरा पडतो. इंजिनाचंही तेच. प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो आणि अर्धी फेरी जोर लावतो. तीन सिलिंडर असतील तर मधे थोडी पोकळी राहते, ती आपल्याला सीटखाली थरथर म्हणून कळते. चार असतील तर एकाचा जोर संपतो तिथं दुसऱ्याचा सुरू होतो. सहांत पहिला दमायच्या आत दुसरा खांदा देतो. त्यातून सहा एका ओळीत असले की त्यांचे हेलकावे एकमेकांत जिरतात. बॉनेटवर पाण्याचा ग्लास ठेवा, पाणी हलणार नाही.

पण वाशिम जिल्ह्यात बॉनेटवर ग्लास ठेवून कोण बसतं? आपल्याकडचा खरा वाद तीन की चार हा आहे, आणि तोही ट्रॅक्टरवरून. स्वराज ७४४ तीन सिलिंडरचा, महिंद्रा ५७५ चारचा. रिसोडकडच्या एका लग्नात या विषयावर दोन सोयरे पंगतीतून उठलेले मी पाहिले आहेत. नवरदेव कोणाच्या लक्षातही नव्हता.

मोटारीत हा वाद इंजिनियरनं नाही, अर्थमंत्र्यानं लावून दिला. २००६ च्या अर्थसंकल्पानं छोटी गाडी कशाला म्हणायचं ते ठरवलं: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. तेवढ्यात बसलात तर कर कमी. मग काय, २०१६ मध्ये आपल्या बोलेरोनंसुद्धा पोट आत घेतलं. बंपर तासला, अडीच लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन उतरवलं आणि दीड लिटरचं तीनवालं बसवून घेतलं. मे २०२४ मध्ये स्विफ्टनंही चौथा सिलिंडर परत केला. म्हणजे आज चार सिलिंडरची स्विफ्ट पाहिजे असेल तर शोरूममध्ये जाऊन उपयोग नाही, जुनीच शोधावी लागते. सेकंडहँड बाजारातली ही एवढी एक गंमत भाच्याच्या डोक्यात शिरेना. त्याला चारवरून पाचही नको होते, थेट सहा पाहिजे होते.

"पुढाऱ्यांजवळ पाह्य ना मामा कशा गाड्या हायेत!"

पाहिल्या. फॉर्च्युनर २००९ पासून आपल्याकडे आहे. आधी तीन लिटरची होती, मग २.८ ची झाली, सिलिंडर तेव्हाही चार आणि आताही चार. पुढे सायरन, मागे पाच गाड्या, काचा काळ्या आणि बॉनेटखाली जुन्या डिझायरएवढेच सिलिंडर. हे ऐकून भाचा थोडा वेळ गप्प बसला. पुढाऱ्यांबद्दलचा त्याचा आदर त्या दिवशी दोन सिलिंडरनं कमी झाला असावा.

खरे सहा सिलिंडर वाशिमच्या बसस्थानकात उभे असतात. एस.टी.च्या कितीतरी टाटा गाड्यांत ६९७ नावाचं इंजिन असे. नावातच जन्मपत्रिका आहे: सिलिंडर सहा, प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. ४०७ टेम्पोतलं ४९७ हा त्याचाच धाकटा भाऊ, व्यास तोच, सिलिंडर चार. तर ज्या श्रीमंतीसाठी भाचा जमीन सोडून बाकी सगळं विकायला निघाला होता, ती आपण अर्ध्या तिकिटाच्या वयापासून भोगत आलो आहोत. शिवाय जिल्हासुद्धा सहा सिलिंडरचाच आहे. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून सुटा झाला तो वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा घेऊन. त्यातला कोणता मिसिंग मारतो ते लिहीत नाही, मला सगळीकडे सोयरिकी आहेत.

भाच्याचा हुकमाचा पत्ता समृद्धी महामार्ग होता. "१२० नं एकसारखी पयते मामा, इंजिन गरमच नाही होत." खरं आहे. सहा सिलिंडर त्या वेगाला डुलकी काढत पळतात, तेव्हा छोटं इंजिन कोकलत असतं. पण शेलूबाजारला खाली उतरलं की पुढे सोयाबीनची ट्रॉली, तिच्यामागे दुसरी ट्रॉली आणि दोन्हींच्या मागे आपले सहा सिलिंडर, दुसऱ्या गिअरमध्ये. ॲव्हरेज विचारायचं नाही.

शेवटी पुसद नाक्यावरच्या आमच्या मिस्त्रीकडे गेलो. त्यानं गाडीचे फोटो बघितलेच नाहीत. हात पुसले आणि मोजायला लागला. "नोझल सहा. हिटर प्लग सहा. ऑइल सहा लिटरच्या वर. यातल्या काही इंजिनांची टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूनं असते. चेन वाजली तर आख्खं इंजिन खाली घ्या लागते. घेतो मी, पन वर कोन चढवीन?" मग त्यानं एका नोझलचा अंदाजे भाव सांगितला. भाच्यानं मनातल्या मनात त्याचं सोयाबीन केलं, ते मला त्याच्या चेहऱ्यावर क्विंटलमध्ये दिसलं.

मिस्त्रीच्या लेखी चांगलं इंजिन एकच, फियाटच्या घराण्यातलं १२४८ सीसीचं डिझेल. चार सिलिंडर. स्विफ्टमध्ये तेच, डिझायरमध्ये तेच, इंडिका व्हिस्टात तेच, पुंटोतही तेच. लोक त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. २०२० मध्ये धुराचे नियम कडक झाले आणि मारुतीनं डिझेलच सोडलं. "त्याचं हेड मी डोये मिटून काहाडतो," मिस्त्री म्हणाला. वर फुकटात शिकवणी दिली: सिलिंडर किती ते कंपनी सांगते, त्यातले जिवंत किती ते आपण बघायचं. इंजिन थंड असताना चालू करा, धूर बघा. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडून वर तळहात धरा, भकाभका वारा मारला तर निघून या. मीटरवर चाळीस हजार आणि ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत, तर रबराचं ऐका.

भाचा हो-हो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नागपूरला गेला. एनओसी, इथला टॅक्स, एमएच-३७ चा नंबर, सगळा हिशेब कागदावर मांडून नेला होता. ड्रायव्हर म्हणून मित्र सोबत. घरात ओवाळणीचं ताट तयार. बायकोनं लिंबंसुद्धा चार आणून ठेवली, चाकाला एक.

रात्री साडेदहाला तो पायीच अंगणात आला.

"गाडी कुठाय रे?"

"गाडी एक नंबर होती मामा. सकायी थंडी होती नं, चालूच नाही झाली."

"मग आला कसा?"

"एस.टी.नं. कारंज्यापर्यंत उभाच होतो."