अमेरिकेचा अडत्या

बुलढाणा जिल्ह्याचं ठिकाण असलं तरी गावाला रेल्वे नाही. त्यामुळं मुंबईला जायचं असो की मिशिगनला, पहिला टप्पा एकच : राजूर घाट उतरून मलकापूर गाठायचं. या बाबतीत घाटाखालची माणसं जन्मतःच आमच्या पुढे असतात. माझा भाचा घाटाखालचा, नांदुऱ्याकडचा. शेगावच्या गजानन महाराज इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडला आणि पुण्यात एका कंपनीत नेटवर्क ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून लागला. दिवाळीला घरी आला की गल्ली आपापले मोबाईल घेऊन ओट्यावर जमते. "रेंज येत नाही, पाय बरं जरा." राउटर आणि फायरवॉल आपल्याकडे, टॉवर दुसऱ्याच कंपनीकडे, हे समजावून सांगण्याचा नाद त्यानं सोडून दिला आहे. आता तो मोबाईल बंद करून पुन्हा चालू करतो. बहुतेकांचं समाधान होतं. पुण्यातही मुख्यतः हेच करतो, असं त्यानं मला एकदा खासगीत सांगितलं.

तर या भाच्याच्या डोक्यात अमेरिका शिरली. सरळ रस्ता एच-वन-बीचा. पण त्याला वर्षाकाठी 85,000 ची मर्यादा, तीवर लॉटरी, आणि सप्टेंबर 2025 मध्ये ट्रम्पसाहेबांनी बाहेरून माणूस बोलावणाऱ्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर लावले. एवढे पैसे मोजून कुणी आपला मुलगा नेईल, असं त्याच्या सख्ख्या आईलाही वाटलं नाही. मग त्याला कुणीतरी जे-वनची वाट दाखवली. एक्स्चेंज व्हिजिटर.

हा व्हिसा मोठ्या मनाच्या कायद्यातून आला आहे. 1961 चा फुलब्राइट-हेज कायदा. परक्या देशांतल्या माणसांनी यावं, काही शिकावं, आपलं काही दाखवावं आणि परत जावं, म्हणजे जगात समजूतदारपणा वाढेल, असा त्यामागचा विचार. शिकत असलेल्याला किंवा नुकतीच पदवी घेतलेल्याला इंटर्न म्हणून बारा महिने. पदवी आणि वर वर्षभराचा अनुभव असलेल्याला ट्रेनी म्हणून जास्तीत जास्त अठरा. भाचा दुसऱ्या रांगेत बसत होता. नोकरी मात्र या सगळ्यात कुठंच बसत नव्हती. ती मागच्या दारानंसुद्धा आणायची नाही, अशी नियमांची सक्त ताकीद.

खरी मेख स्पॉन्सरची. भाच्याला वाटलं, तिकडची एखादी कंपनी 'ये' म्हणाली की झालं. पण कंपनी नुसती यजमान. स्पॉन्सर ही परराष्ट्र खात्यानं मान्यता दिलेली तिसरीच संस्था. ती कागद तपासते, मुलाचं इंग्रजी व्हिडिओवर ऐकते, यजमान कंपनी लहान आणि नवखी असेल तर स्वतः जाऊन पाहून येते, आणि सगळं पटलं तर डीएस-2019 नावाचा फॉर्म देते. तो हातात नसेल तर वकिलातीत मुलाखतच नाही. काम ती देत नाही, पगार देत नाही, आणि एवढ्या सगळ्याचे पैसे आपल्याकडूनच घेते.

"मंग तो करते काय?" भाऊजींनी विचारलं. भाऊजींचं आयुष्य खामगावच्या बाजार समितीत सोयाबीन आणि तूर नेण्यात गेलं आहे. मी म्हटलं, "भाऊजी, अडत्या." माल त्याचा नाही, गिरणी त्याची नाही, पण त्याला वगळून मापाला कुणी हात लावत नाही. पोरगं पंधरा दिवस जे इंग्रजीत समजावत होतं ते भाऊजींना तेवढ्यात कळलं. त्यांनी एवढंच विचारलं, "अडत किती?"

अडत संस्थेगणिक वेगळी. सरकारी तेवढी ठरलेली : सेविस या नोंदणीयंत्रणेचे 220 डॉलर, व्हिसाचे 185. भाऊजींनी डॉलरचे रुपये केले आणि रुपयांची सोयाबीन केली. साडेसहा-सात क्विंटल भरली, हमीभावानं. "हमीभावानं," असं ते पुन्हा एकदा म्हणाले आणि बराच वेळ हसले.

खामगावचं आणि अमेरिकेचं नातं तसं जुनं. 1861 मध्ये तिकडे यादवी पेटली, तिकडचा कापूस लिव्हरपूलला जाईनासा झाला आणि साहेबाला वऱ्हाड आठवलं. 1870 मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला, तर उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीनं हजर. बाजार तारायंत्रानं जोडला गेला. लिव्हरपूलची खबर इथल्या व्यापाऱ्याला आणि इथल्या पिकाची खबर तिथल्या दलालाला लागू लागली. जिल्ह्यातलं पहिलं आंतरराष्ट्रीय नेटवर्क हे असं कापसावर उभं राहिलं, आणि ते सांभाळायला कुणाचा व्हिसा लागला नाही. गाठी बंदरावर गेल्या, बोटीत चढल्या. परत कधी येणार, असं त्यांना कुणी विचारलं नाही. त्या कापड होऊन परत आल्या, तेही महाग होऊन.

स्पॉन्सर शोधायची मोहीम घरातूनच सुरू झाली. ताईच्या नणंदेचा दीर न्यू जर्सीत आहे. घर आहे, दोन गाड्या आहेत, गणपतीत तिकडच्या मंडळात आरती सांगतो. तो स्पॉन्सर का होऊ शकत नाही, हे ताईला अजून पटलेलं नाही. नात्याला या व्हिसात किंमत नाही, मान्यता लागते, असं म्हटलं की ती म्हणते, "मंग नातेवाईक कायले असतात?" मग हमखास जे-वन करून देणारे एजंट भेटले. त्यांच्याकडे पैसे भरण्याची तारीख नक्की असते, बाकी काही नसतं. मान्यता असलेल्या संस्थांची यादी परराष्ट्र खात्यानं फुकट लावून ठेवली आहे. पण जे फुकट मिळतं त्यावर आमच्याकडे विश्वास उशिरा बसतो.

मराठी माणसाला अमेरिकेत आधार मिळाल्याची सर्वांत सुरस गोष्ट आनंदीबाई जोशींची. गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी रॉयल वाइल्डर या मिशनऱ्याला पत्र लिहिलं. त्यानं आधी धर्म बदला असं सुचवलं आणि पत्रव्यवहार आपल्या 'मिशनरी रिव्ह्यू'त छापून टाकला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट पाहत बसल्या होत्या. समोर पडलेला तो अंक त्यांनी चाळला आणि कुठल्या कोण मुलीला मदत करायचं ठरवलं. जाण्यापूर्वी, 1883 मध्ये, श्रीरामपूरच्या सभेत आनंदीबाई स्वतः उभ्या राहिल्या. (हे श्रीरामपूर कलकत्त्याजवळचं, नगरकरांनी हक्क सांगू नये.) आपण का जातो, काय शिकणार आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येणार, हे त्यांनी तिथं सांगून टाकलं. फॉर्म नव्हता, वकिलात नव्हती, मुलाखत मात्र चोख झाली. 1886 मध्ये डॉक्टर होऊन त्या परतल्याही. हे सगळं मी भाच्याला रंगवून सांगितलं. त्यानं विचारलं, "मामा, ते मासिक अजून निघते का?"

शेवटी एक यजमान कंपनी मिळाली, एक स्पॉन्सर संस्था विचार करायला तयार झाली, आणि प्रशिक्षणाचा आराखडा आला. डीएस-7002. त्यात 'नेटवर्क सांभाळणे' असं लिहिलेलं चालत नाही. सांभाळायची तिकडची पद्धत शिकणे, असं लिहायचं. कारकुनी काम वीस टक्क्यांच्या वर जाता कामा नये. वीस टक्क्यांचा हा नियम ऐकून मी काही काळ अंतर्मुख झालो. माझी सगळी नोकरी त्या नियमात बसली नसती.

पुढचा रकाना सांस्कृतिक देवाणघेवाणीचा. खरं तर तिकडे काय काय दाखवतील ते तिथं यजमानानं लिहायचं. पण देवाणघेवाण म्हटल्यावर नुसतं घ्यायचं कसं, म्हणून घरात बैठक बसली. भाऊजींनी सिंदखेडराजा आणि जिजाऊ सुचवल्या, मी लोणारचं सरोवर. ताईच्या मते शेगावची कचोरी पुरेशी होती. भाच्याच्या धाकट्या भावानं भेंडवळची घटमांडणी काढली. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडायचा, भोवती धान्यं ठेवायची आणि पहाटे जाऊन कोणता दाणा कुठं सरकला यावरून पाऊस, पीक आणि राजाची गादीही सांगायची. भाच्यानं ते कागदावर उतरवलं तेव्हा इंग्रजीत त्याचं 'पारंपरिक पूर्वानुमान पद्धती' झालं. त्याचं म्हणणं, नेटवर्क कधी बसेल हे सांगायची तिकडची साधनं याहून फार वेगळी नाहीत.

त्याच सुमारास कळलं की जून 2025 पासून जे-वनवाल्यांनी आपली सोशल मीडियाची खाती उघडी ठेवायची, साहेब ती पाहणार. भाच्याच्या खात्यावर पोळ्याचे बैल आणि वाढदिवसाचे बॅनर. एका बॅनरवर 'भाऊंचा नाद करायचा नाय' असं लिहिलेलं. हे अमेरिकेला धमकीसारखं वाटेल का, यावर तो एक रात्र झोपला नाही.

मुलाखत मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात. तिथं मुख्य प्रश्न एकच, परत येणार याचा पुरावा काय? भाऊजींनी कपाटातून सातबारा काढला. त्या कागदावर आजवर फक्त कर्ज मिळालं होतं. गल्लीतला प्रत्येक जण पोराला 'कवा चालला?' असं विचारत होता, 'परत कवा?' हे विचारणारी अमेरिका ही पहिलीच.

म्हणजे दुसरी. पहिली ताई. तिनं हा व्हिसा कुणाहीपेक्षा बारकाईनं समजून घेतला होता. काही देशांच्या काही कौशल्यांसाठी यात एक अट असते : काम संपलं की आधी दोन वर्षं मायदेशी राहायचं, मगच एच-वन-बी किंवा ग्रीन कार्डाचं नाव काढायचं. त्या कौशल्यांच्या यादीत भारत होता. डिसेंबर 2024 मध्ये नवी यादी आली आणि भारत तीतून वगळला गेला. भाच्यानं ही बातमी पेढ्यांसकट सांगितली. ताईनं पेढा घेतला नाही.

"दोन वर्षं घरी राह्यला असता त लगन उरकून घेतलं असतं न मी," ती म्हणाली. "कोनं काढलं रे आपलं नाव? अर्ज कुठी कराव लागते?"